नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गळ टाकण्याआधी

कॅरी, मॉरिसव्हिल, रॅली या पट्ट्यात नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यातच समुद्र गाठतात. राइट्सव्हिल बीच काय किंवा मोरहेड सिटी काय, दोन-अडीच तासांची ड्राइव्ह. तिथे पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या धक्क्यावर, ओळीने रॉड लावून बसलेले लोक दिसले की ज्याचं बालपण मालवण, मुरुड किंवा डहाणूच्या बाजूला गेलंय त्याचे हात शिवशिवतात. मग ग्रुपवर प्रश्न पडतो, "अरे, इथे मासे पकडायला लायसन्स लागतं का?" आणि तीन जणांकडून तीन उत्तरं येतात: लागतं, लागत नाही, कुठे पकडतोस त्यावर आहे.

तिन्ही उत्तरं खरी असू शकतात. म्हणून नियमांची यादी पाठ करण्याआधी ते ठरवतं कोण, कसं आणि किती लवकर बदलतं, हे कळलेलं बरं. यादी जुनी होते, यंत्रणा तीच राहते.

आधी, कोणाचं राज्य चालतं ते

किनारी मासेमारीचे नियम इथे मरीन फिशरीज कमिशन करतं. आपण त्याला सागरी मत्स्य आयोग म्हणू. आयोगात ९ सदस्य, सगळे गव्हर्नरने नेमलेले. कायद्याने जागा वाटून दिल्या आहेत: धंदेवाईक मासेमारीच्या बाजूचे ३ (त्यात एक मासळी खरेदी-प्रक्रियेच्या धंद्यातला), हौशी मासेमारीच्या बाजूचे ३, एक मत्स्यशास्त्रज्ञ आणि दोन सर्वसाधारण. हे वाटप १९९७ च्या फिशरीज रिफॉर्म ॲक्टने आणलं. त्याआधी आयोग १७ जणांचा होता.

३ विरुद्ध ३ ही रचना लक्षात ठेवा. आयोगातले बहुतेक वाद शेवटी एकाच प्रश्नावर येतात: पाण्यात मासा मोजकाच आहे, तर जाळेवाल्यांना किती आणि गळवाल्यांना किती? उरलेल्या तिघांची मतं कुठे झुकतात, त्यावर निकाल ठरतो.

आयोग नियम ठरवतो, पण रोजचं काम करते डिव्हिजन ऑफ मरीन फिशरीज. तिचं मुख्यालय मोरहेड सिटीला आहे. शास्त्रज्ञ, सर्वेक्षण करणारे, परवाना विभाग आणि मरीन पेट्रोलचे, म्हणजे मासेमारीच्या पोलिसांचे, अधिकारी, सगळे तिथले. आणि या सगळ्यांच्या वर बसलंय राज्याचं विधिमंडळ. परवान्यांची फी आणि धंदेवाईक परवान्यांची कमाल संख्या ते ठरवतं, आणि मनात आलं तर आयोगाला बाजूला सारून थेट कायदाही आणू पाहतं. २०२५ च्या जूनमध्ये सिनेटने खाड्यांमध्ये आणि किनाऱ्यापासून अर्ध्या मैलाच्या आत कोळंबीचं ट्रॉलिंग बंद करण्याचा प्रस्ताव अचानक मंजूर केला. किनाऱ्यावरचे कोळंबीवाले राजधानीत, रॅली शहरात, येऊन धडकले आणि हाउसने तो प्रस्ताव पुढे घेतलाच नाही. इथलं राजकारण समजून घ्यायला तेवढा एक आठवडा पुरेसा आहे.

पायरी १: पाणी कुठलं ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. राज्याने पाण्याचे तीन प्रकार केले आहेत. समुद्र आणि मोठ्या खाड्या, म्हणजे पॅम्लिको साउंडसारखी पाणी, ही 'कोस्टल'. तिथे आपला सागरी आयोग. नद्या-तलावांचं गोडं पाणी 'इनलँड', तिथे वेगळाच आयोग, वाइल्डलाइफ रिसोर्सेस कमिशन. आणि नदी खाडीला मिळते तिथला मधला पट्टा 'जॉइंट', तिथे दोघांचा संसार.

पाणी खारट लागलं म्हणून ते कोस्टल, असं समजू नका. हद्द चवीवर ठरत नाही, नकाशावर ठरते. नकाशे डिव्हिजनच्या संकेतस्थळावर आहेत. नदीत आत शिरणार असाल तर आदल्या रात्री दहा मिनिटं काढून बघा.

उलट दिशेलाही हद्द आहे. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांपर्यंत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र सरकारचे नियम. आपल्याकडे महाराष्ट्राची हद्द १२ सागरी मैलांची, त्यामुळे ३ मैल म्हणजे अगदी उंबरठ्यापर्यंतच वाटतं. चार्टर बोटीने, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घेतलेल्या बोटीने, खोल समुद्रात गेलात की हा फरक कळतो. रेड स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीचा भाऊबंद, दक्षिण अटलांटिकच्या केंद्रीय पाण्यात हौशी मंडळींसाठी २०२४ साली फक्त एक दिवस खुला होता, १२ जुलै. ट्यूना, शार्क असल्या माशांसाठी बोटीला वेगळा केंद्रीय परवाना लागतो. नवख्याने यात डोकं घालू नये, कॅप्टनला विचारावं. ते त्याचं कामच आहे.

पायरी २: परवाना

कोस्टल पाण्यात मासे पकडायला १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला कोस्टल रिक्रिएशनल फिशिंग लायसन्स लागतं. १ जानेवारी २००७ पासूनचा हा नियम आहे. त्याआधी इथे हौशी माणसाला खाऱ्या पाण्यात फुकट गळ टाकता यायचा आणि जुनी माणसं अजून त्याबद्दल कुरकुरतात. 'गो आउटडोअर्स नॉर्थ कॅरोलिना' या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळतं, टॅकल शॉपमध्ये, म्हणजे मासेमारीच्या सामानाच्या दुकानातही मिळतं. दहा दिवसांचं, वर्षाचं, आयुष्यभराचं असे प्रकार आहेत. राज्यातल्या रहिवाशाला स्वस्त, बाहेरच्याला महाग. नुकतेच राज्यात आला असाल तर रहिवासी म्हणून कधी मोजले जाता, ते खरेदी करताना नीट वाचा. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी दहा दिवसांचं घेणं सोयीचं.

जॉइंट पाण्यात कोस्टल किंवा इनलँड, यातलं एक असलं तरी चालतं. दोन्हीकडे फिरणार असाल तर दोन्ही एकत्र असलेलं युनिफाइड लायसन्स आहे.

आता "लागत नाही" म्हणणारा कसा बरोबर? बऱ्याच समुद्री पिअरनी स्वतःच सामायिक परवाना घेतलेला असतो. पिअरचं तिकीट काढलं की त्यावर उभे असेपर्यंत तुमचं वेगळं लायसन्स लागत नाही. चार्टर आणि हेड बोटींचंही (माणशी तिकीट घेऊन नेणाऱ्या) बहुधा तसंच. नॅग्स हेडचा जेनेट्स पिअर तर सरकारी मालकीचा, मत्स्यालयाच्या कारभाराखालचा, आणि तिथे रॉड भाड्याने मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने पिअरवरूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. परवान्याची भानगड नाही, शेजारचे म्हातारे गाठ कशी मारायची ते न विचारता शिकवतात, आणि पोरांना कंटाळा आला तर वाळू खालीच आहे. पिअरवरून उतरून शेजारच्या बीचवर गळ टाकलात मात्र, तर लायसन्स हवंच.

४ जुलैला राज्यभर कोणालाच परवाना लागत नाही. पण त्या दिवशीही मापाचे आणि संख्येचे नियम सुटत नाहीत. १६ वर्षांखालच्या मुलांचंही तेच: परवाना माफ, नियम नाही.

हे लायसन्स माशांचं आहे. खेकडे, कालवं, तिसऱ्या यांना ते लागत नाही. त्यांचं पुढे सांगतो.

पायरी ३: आजचा आदेश बघा

आपल्याकडे पावसाळी बंदी म्हणजे १ जून ते ३१ जुलै, समुद्र सगळ्या यांत्रिक नौकांना एकदमच बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्याला मोकळीक. इथे असं नाही. इथे प्रत्येक जातीचं कॅलेंडर वेगळं आणि ते वर्षाच्या मध्येच बदलतं.

कारण असं की आयोगाने डिव्हिजनच्या संचालकाला प्रोक्लमेशन, म्हणजे आदेश, काढायचा अधिकार दिलाय. नियम करायला महिनोन् महिने लागतात: मसुदा, जनतेची मतं, छाननी. मासा तोवर थांबत नाही. म्हणून ज्या गोष्टी परिस्थितीनुसार हलतात (हंगाम, संख्या, माप, जाळ्याच्या भोकांचा आकार, कुठली खाडी खुली) त्या संचालक आदेशाने बदलतो, आणि तो आदेश साधारण ४८ तासांनी लागू होतो. पाणी दूषित झाल्यामुळे कालवं बंद करायची असतील तर लगेच. २०१८ च्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि खाडीतले स्पॉटेड सीट्राउट गारठून पाण्यावर तरंगायला लागले. त्या जातीची मासेमारी तत्काळ बंद झाली ती जूनच्या मध्यापर्यंत. उरलेल्या माशांना वसंतात अंडी घालू द्यायची होती.

कायद्यात एक ओळ आहे तिच्याकडे नवखे दुर्लक्ष करतात: चालू आदेशांची माहिती ठेवणं ही मासे पकडणाऱ्याची जबाबदारी. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. डिव्हिजनच्या ईमेल यादीत नाव घाला, म्हणजे आदेश निघाला की येतो. आणि निघायच्या सकाळी हौशी मासेमारीच्या मर्यादांचा चालू तक्ता फोनवर उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढा. बऱ्याच खाड्यांत नेटवर्क नसतं. मागच्या वर्षी मित्राने पाठवलेला तक्ता वापरू नका.

पायरी ४: मासा मोजा

रेड ड्रम हा इथला मानाचा मासा. १९७१ पासून तो राज्याचा अधिकृत खाऱ्या पाण्यातला मासा आहे, जसं आपलं पापलेट २०२३ पासून राज्यमासा. आपल्या घोळीच्या कुळातला, तांबूस, शेपटीजवळ काळा ठिपका. त्याचा नियम वाचून नवखे चक्रावतात: माणशी दिवसाला एक, आणि तो १८ ते २७ इंचांमधला. लहान तर सोडाच, पण २७ च्या वरचा, फोटो काढावासा वाटणारा धिप्पाड मासाही सोडायचा. तो मोठा म्हणजे वर्षानुवर्षं अंडी घालणारा आहे, आणि सगळी मदार त्याच्यावर.

मोजताना मासा पट्टीवर आडवा, तोंड मिटलेलं, नाकाचं टोक पट्टीच्या भिंतीला टेकलेलं. शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणून जे लांब भरेल ते 'टोटल लेंग्थ'. अधांतरी धरून, टेप वरून गुंडाळून मोजलं तर पोटाच्या फुगवट्याने अर्धा-पाऊण इंच वाढतो, आणि तेवढ्यात मासा बेकायदा ठरू शकतो. सुरमईच्या जातीचे मासे, म्हणजे स्पॅनिश मॅकरेल आणि किंग मॅकरेल, यांचं माप मात्र शेपटीच्या बेचक्यापर्यंत धरतात. स्पॅनिश मॅकरेल किमान १२ इंच, किंग मॅकरेल किमान २४. दोन्ही आपल्या सुरमईच्या अगदी जवळचे. तळून बघा, बाकी मी काही सांगत नाही.

आपल्या लोकांच्या हातून होणारी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मासा मिळाला की तिथेच साफ करून तुकड्या पाडायच्या, म्हणजे घरी सिंकमध्ये घाण नको. ज्या माशाला मापाचं किंवा संख्येचं बंधन आहे, तो बोटीवर किंवा मासे पकडत असताना डोकं-शेपटीसकटच असला पाहिजे. तुकडी कोण मोजणार? साफसफाई सगळं आटोपून किनाऱ्याला आल्यावर. मरीन पेट्रोलचा अधिकारी कूलर उघडायला सांगेल तेव्हा तो आधी हेच बघतो.

फाइल घेऊन बोटी उतरवायच्या रॅम्पवर उभा असलेला आणि "किती मिळाले, मोजू का?" असं विचारणारा माणूस मात्र बहुतेक वेळा पोलीस नसतो. तो सर्वेक्षणवाला. हौशी लोक किती मासा नेतात याचा अंदाज त्याच्या आकड्यांवरून बांधतात, तेव्हा त्याला दोन मिनिटं द्या. काही टॅकल शॉपबाहेर डिव्हिजनचे फ्रीझरही असतात. मांस काढून उरलेला सांगाडा डोक्यासकट त्यात टाकला तर कानातल्या हाडावरून शास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. हे मला फार आवडलं. आपल्याकडे ते डोकं कालवणात जातं, हा भाग वेगळा.

पायरी ५: चिंबोऱ्या, तिसऱ्या, कालवं

दोरीला कोंबडीची मान बांधून पाण्यात सोडायची, खेकडा धरला की हळूहळू वर ओढायचं आणि खालून जाळी लावायची. याला परवाना लागत नाही. मुलांसाठी यापेक्षा चांगला खेळ नाही. इथला ब्लू क्रॅब कवचाच्या एका काट्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान ५ इंच हवा. माणशी दिवसाला ५०, आणि बोट असेल तर बोटीला १०० च्या वर नाही.

खेकडा उलटा करून बघायची सवय लावा. पोटाखालचं झाकण अरुंद आणि लांबट असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर पूर्ण वाढलेली मादी, आणि नीट त्रिकोणी असेल तर कोवळी मादी. कोवळी मादी कितीही मोठी वाटली तरी परत पाण्यात.

तिसऱ्यांच्या जातीच्या हार्ड क्लॅम माणशी १००, पण १ इंचापेक्षा कमी जाडीच्या नाहीत. कालवं किमान ३ इंचांची आणि थंडीच्या हंगामातच. यात मापापेक्षा जागा महत्त्वाची. जोराचा पाऊस झाला की शेता-रस्त्यांची घाण खाडीत उतरते आणि डिव्हिजन तो भाग बंद करते. तो नकाशा न बघता शिंपल्या गोळा करून आणल्या तर दंडाच्या आधी पोट शिक्षा करेल.

पायरी ६: विकायचं नाही

हौशी परवान्यावर पकडलेला मासा विकता येत नाही. एकही नाही, मंडळाच्या आनंदमेळ्यातल्या स्टॉलवरही नाही. शेजाऱ्यांना वाटा, मित्रांना जेवायला बोलवा.

मधली एक पायरी आहे, रिक्रिएशनल कमर्शिअल गिअर लायसन्स. त्यावर घरच्यापुरती थोडी धंदेवाईक साधनं वापरता येतात, उदाहरणार्थ खेकड्यांचे ५ पिंजरे. पण मर्यादा हौशी माणसाच्याच आणि विक्री बंद.

धंदा करायचा तर स्टँडर्ड कमर्शिअल फिशिंग लायसन्स. त्यांची एकूण संख्या कायद्याने बांधलेली आहे. नव्या माणसाने एक तर परवानाधारकाकडून तो हस्तांतरित करून घ्यायचा किंवा पात्रता तपासणाऱ्या सरकारी मंडळापुढे अर्ज करून आपली पात्रता पटवून द्यायची. मासा परवानाधारक डीलरलाच विकायचा, आणि प्रत्येक विक्रीला ट्रिप तिकीट भरलं जातं: कुठल्या पाण्यात, कुठल्या साधनाने, कुठली जात, किती पौंड. १९९४ पासून हा हिशेब आहे. त्यामुळे धंदेवाईक बाजूचा आकडा जवळपास पौंडापर्यंत कळतो आणि हौशी बाजूचा सर्वेक्षणातून अंदाजाने. हे वाचून एखाद्या कोळ्याला राग येईल, आणि इथल्या मच्छीमारांनाही येतो.

हे सगळं जुळतं कसं: फ्लाउंडरची गोष्ट

साउथर्न फ्लाउंडर हा आपल्या लेपासारखा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. आयोग महत्त्वाच्या प्रत्येक जातीसाठी व्यवस्थापन आराखडा करतो आणि साधारण पाच वर्षांनी तो पुन्हा तपासतो. फ्लाउंडरच्या तपासणीत साठा फारच घटलेला निघाला. २०१९ मध्ये आयोगाने पकड ६२ टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षापासून ७२ टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं.

२०२२ च्या मे महिन्यात पुढची दुरुस्ती आली. उरलेल्या कोट्यात धंदेवाईक ७० टक्के, हौशी ३०. पुढे टप्प्याटप्प्याने निम्मा-निम्मा करायचं ठरलं. कोटा ओलांडला तर जास्तीचे पौंड पुढच्या वर्षीच्या कोट्यातून वजा. हा मासा शरद ऋतूत खाड्यांतून समुद्राकडे अंडी घालायला निघतो, तेव्हाच सगळे त्याच्या वाटेत उभे असतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हौशींना दोनच आठवडे दिले, माणशी एक मासा. तरीही कोटा ओलांडला, आणि २०२४ मध्ये कोस्टल पाण्यात हौशींसाठी फ्लाउंडरचा हंगामच निघाला नाही. हजारो लोकांनी एकेकच मासा नेला आणि तेवढ्यात हिशेब फिसकटला. २०२५ मध्ये पुन्हा सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे मिळाले.

महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. माप ठरवणं तुलनेने सोपं. 'आता तुमचा वाटा संपला' असं एका गटाला सांगणं अवघड, आणि इथल्या आयोगाला ते दर वर्षी सांगावं लागतं.

पायरी ७: ठेवलेला मासा कळवा

१ डिसेंबर २०२५ पासून पाच जातींचा ठेवलेला प्रत्येक मासा कळवणं हौशी माणसालाही बंधनकारक आहे: रेड ड्रम, फ्लाउंडर, स्पॉटेड सीट्राउट, स्ट्राइप्ड बास आणि वीकफिश. पाण्यात सोडलेला नाही, ठेवलेलाच. ही कल्पना आयोगाची नाही, विधिमंडळाच्या २०२३ च्या कायद्यातली आहे. पहिलं वर्ष तोंडी समज, दुसऱ्या वर्षी लेखी, आणि डिसेंबर २०२७ पासून ३५ डॉलर दंड. अहवाल ऑनलाइन भरता येतो. गाडीत सामान टाकण्याआधीच भरून टाका, घरी पोचल्यावर राहून जातं.

आणि एखादा नियम तुम्हाला पटला नाही तर? आयोग वर्षातून चार वेळा बसतो: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. बैठका ऑनलाइन बघता येतात, जनतेला बोलायला वेळ राखून ठेवलेली असते, लेखी मतही पाठवता येतं. आराखड्याचा मसुदा आधी सल्लागार समित्यांकडे जातो. तिथे गर्दी कमी असते आणि बदल अजून शक्य असतो, म्हणून बोलायचं असेल तर त्या टप्प्यावरच बोला. बोलायला नागरिकत्व लागत नाही. तुमच्याकडे परवाना आहे आणि तुम्ही या पाण्यात गळ टाकता, एवढी ओळख पुरते.